बाँडवर खेड्यात जाताय? आधी एक रात्र नाटकाच्या मांडवात काढा

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाचा बाँड, म्हणजे ठरवून दिलेल्या जागी सक्तीची सरकारी सेवा, करावा लागतो. त्यातल्या पुष्कळांच्या वाट्याला गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट अशा भागातलं प्राथमिक आरोग्य केंद्र येतं. आदेश हातात पडला की सगळे तेच विचारतात. क्वार्टर कसं आहे, रेंज मिळते का, साप किती निघतात. लोक आपलं ऐकतील का, हे कोणी विचारत नाही. ओपीडी सुरू झाली की मात्र हाच प्रश्न पुढ्यात येऊन बसतो. तुम्ही औषध बरोबर लिहिता, समोरचा मान डोलावतो, आणि फाटकाबाहेर पडल्यावर गोळ्या पिशवीच्या तळाला जातात.

मी पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत बाँड केला. लोकांचा विश्वास कसा बसतो हे मला तिथल्या नाटकवाल्यांकडे, भजनकरी आणि कीर्तनकारांकडे बघून समजलं. डॉक्टरनं नाटकं करावीत असा याचा अर्थ घेऊ नका. कलाकाराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. समोरचा माणूस कधीही उठून जाऊ शकतो. आपल्याला शिक्का, कोट आणि टेबल मिळालेलं असतं, म्हणून आपण ही गोष्ट विसरतो. पेशंट उठून जात नाही, पण पुन्हा येतही नाही.

१. सामान बांधताना

रुजू व्हायला हे कागद लागतात: नियुक्ती आदेश, पदवी किंवा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी, आधार, पॅन, बँकेचं पासबुक, फोटो. प्रत्येकाच्या जास्तीच्या झेरॉक्स काढून ठेवा, गावात मशीन असेलच असं नाही. रुजू अहवालाची पोच त्याच दिवशी घ्या, बाँडचा हिशेब त्या तारखेपासून लागतो.

या लेखाच्या कामासाठी आणखी थोडं सामान घ्या: खिशात मावणारी वही, चांगली टॉर्च, नव्या कोऱ्या काचेच्या टेस्ट ट्यूब, एक लिटरची पारदर्शक बाटली, आणि टेबलाच्या बाजूला पेशंटसाठी ठेवायला एक स्टूल. शिवाय जाड चादर आणि स्वेटर. ते कशाला, ते पुढच्या पायरीत.

२. नाटक बघायला जा, पण नजर प्रेक्षकांवर ठेवा

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की या चार जिल्ह्यांत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदियात, नाटकांचा हंगाम लागतो. तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. कंपन्यांचं मोठं ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. गावात दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, घरोघरी पाहुणे आणि रात्री नाटक. पडदा उघडायलाच रात्रीचे दहा वाजतात आणि नाटक संपतं पहाटे. थंडीत जमिनीवर बसून माणसं रात्रभर जागतात, तीही तिकीट काढून. गडचिरोलीचे परशुराम खुणे याच रंगभूमीचे कलावंत. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे शहरातल्या लोकांनी झाडीपट्टी हे नाव ऐकलं.

तुमचं पोस्टिंग पावसाळ्यात झालं असेल तर नाटकासाठी थांबून राहू नका. गावोगावी भजनी मंडळं असतात, दंडार हे लोकनाट्य असतं, काला असतो. जे असेल तिथे जाऊन बसा. खुर्ची देतील, पहिल्या रांगेत बसवतील, तीन-चारदा आग्रह करतील. नम्रपणे नाही म्हणा आणि मधल्या भागात, बायापोरांजवळ जमिनीवर बसा.

बघायचं हे. गंभीर प्रवेश लांबला की मागच्या रांगांत कुजबुज सुरू होते. ती नटाला ऐकू येते. तो आवाज चढवत नाही, उलट क्षणभर थांबतो. विनोदी पात्र येतं, दोन वाक्यं बोलतं, मांडव हसतो, आणि मग तोच गंभीर प्रवेश पुढे सरकतो. लोकांचं लक्ष सुटलं हे त्याला लगेच समजतं. आपल्या ओपीडीत पेशंटचं लक्ष सुटतं तेव्हा आपण लिहीत असतो.

दुसरी गोष्ट, नट संवाद म्हणतो तेव्हा त्याचं तोंड प्रेक्षकांकडे असतं. केसपेपरकडे तोंड करून सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, समजावणाऱ्या डॉक्टरनं एवढं बघितलं तरी जागरण वसूल झालं.

३. आशाताई म्हणजे तुमची प्रॉम्प्टर

झाडीपट्टीत तालमीला वेळ फार नसतो, त्यामुळे विंगेतून संवाद सुचवणाऱ्या प्रॉम्प्टरला मोठा मान. नट कितीही नावाजलेला असो, विंगेतल्या माणसाकडे त्याचा एक कान असतो. तुमच्या केंद्रात हे काम आशाताई (गावातलीच आरोग्य स्वयंसेविका), एएनएम सिस्टर (नर्स) आणि जुना शिपाई करतात. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असते. कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या घरी मागच्या वर्षी बाळ दगावलं, कोण दारू पिऊन येतो आणि कोण नुसतं तसं दिसतो, हे सगळं तिला माहीत असतं.

रुजू झाल्यावर आशांची महिन्याची बैठक लागते. पहिल्या बैठकीत भाषण करू नका. एकेकीला विचारा, "तुमच्या गावात लोकांना आपल्या दवाखान्याचं काय खटकते?" पहिल्यांदा कोणीच बोलणार नाही. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना आधी सांगून ठेवलं तर दुसऱ्या बैठकीत बोलतील. "डॉक्टरनं हात बी नाही लावला, नुसत्या गोळ्या देल्या" हे वाक्य तिथे नक्की ऐकायला मिळेल. वहीत लिहून ठेवा.

खाचखळगा: आशानं पेशंटसमोर तुम्हाला हळूच काही सुचवलं तर तिला "मला माहीत आहे" म्हणून गप्प करू नका. एकदा गप्प केलं की ती वर्षभर गप्प राहते. आणि भामरागड, एटापल्लीकडे माडिया, धारणी-चिखलदऱ्यात कोरकू बोलणारे पेशंट आले तर दुभाषी म्हणून घरातल्या शाळकरी पोराला उभं करू नका. आईला पाळीबद्दल काय सांगायचं आहे ते ती पोरासमोर सांगणार नाही.

४. पहिला मिनिट तोंड बंद

१९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-पेशंटची संभाषणं तपासली. पेशंट बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. तिथे वेळ ठरवून पेशंट येतात. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी ओपीडीची रांग फाटकापर्यंत जाते, तेव्हा आपले किती सेकंद होत असतील ते मनाशी मोजा.

करायचं एवढंच:

- पेशंट आत आला की पेन खाली ठेवा.
- वयानुसार बाबाजी, माय, ताई, दादा म्हणा. "ए बुढे, इकडे ये" ही भाषा तुम्हाला जुन्या स्टाफकडून ऐकायला मिळेल. ती उचलू नका.
- "काय होऊन राह्यलं?" एवढं विचारा आणि थांबा. माणूस गुडघेदुखीपासून सुरुवात करेल, मग रोवणीचं (भातलावणीचं) सांगेल, मग जावयाचं. खरा आजार बहुतेक वेळा शेवटी, उठता उठता सांगितला जातो.
- मधला शांत वेळ सहन करायला शिका. नट हे सरावाने शिकतो, आपल्याला कॉलेजात कोणी शिकवत नाही.

बोलीचं एक सांगते. वऱ्हाडी किंवा झाडीबोली समजून घ्या, त्यातले आजाराचे शब्द वहीत उतरवा, पण पुण्याहून आलेले असाल तर नक्कल करायला जाऊ नका. आपली टिंगल चालली आहे असं लोकांना वाटतं. साधी, सावकाश मराठी चालते. सहवासानं चार शब्द आपोआप जिभेवर येतात, ते कोणालाच खटकत नाहीत.

५. हात आधी, बोलणं नंतर

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनाला गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचे, रात्री कीर्तनाला उभे राहायचे. तोवर माणूस कसा आहे हे गावाने डोळ्यांनी बघितलेलं असायचं. नंतर त्यांनी कर्ज, दारू, नवसाची बकरी यांवर लोकांना फैलावर घेतलं तरी लोक ऐकून घ्यायचे. कीर्तनाची तऱ्हाही प्रश्नाची. बाबा विचारणार, समोरची गर्दी उत्तर देणार. निष्कर्ष लोकांच्याच तोंडून निघायचा.

डॉक्टरचा खराटा म्हणजे तपासणी. निदान तुम्हाला दारातच झालं असेल, तरी नाडी बघा, छातीला स्टेथोस्कोप लावा, पोट चाचपा, डोळ्याची पापणी खाली ओढून रक्त बघा. हे करताना काय बघताय ते बोला. "फुप्फुसात आवाज नाही, हे चांगलं आहे." स्टेथोस्कोप शर्टावरून लावू नका, लोकांना ते कळतं. बाईला तपासताना सिस्टर जवळ हवी आणि पडदा खरोखर ओढलेला हवा. हात धुवायचे ते पेशंटला दिसतील असे धुवा.

जागेचंही तसंच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं शोधग्रामला दवाखाना बांधताना आदिवासी लोकांना विचारलं. त्यातून गावातल्या घरांसारख्या रचनेचा, दंतेश्वरी देवीच्या नावाचा दवाखाना उभा राहिला. तुम्ही सरकारी इमारत बदलू शकत नाही. टेबल भिंतीकडे सरकवून पेशंटचा स्टूल आपल्या बाजूला आणता येतो, आणि नातेवाइकांना आत उभं राहायला जागा करता येते. त्याला कोणाची मंजुरी लागत नाही.

६. साप चावला की नळी सगळ्यांसमोर धरा

या पायरीवर जरा थांबते, कारण अख्ख्या केंद्राचं नाव बहुधा एका सापाच्या केसवर ठरतं.

धानाच्या बांधीत, सरपणात, रात्री जमिनीवर झोपलेलं असताना साप चावतो आणि घरचे आधी मांत्रिकाकडे नेतात. मांत्रिक यशस्वी का ठरतो ते ध्यानात घ्या. बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष टोचलं जातंच असं नाही. हे सगळे पेशंट मांत्रिकाच्या खात्यात बरे होतात. शिवाय तो जे करतो ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर करतो. मंत्र, लिंबू, पाणी, धूर. आपण पेशंटला आत नेतो, दार लावतो आणि घरच्यांना बाहेर उभं करतो. आत काय चाललंय त्यांना दिसत नाही, म्हणून काहीच चाललेलं नाही असं वाटतं.

आपल्याकडेही दाखवण्यासारखं आहे. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. शिरेतून दोन मिली ताजं रक्त घ्या, कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत टाका आणि नळी वीस मिनिटं न हलवता उभी ठेवा. मग एकदाच तिरकी करा. प्लॅस्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही, निकाल चुकतो. नळी ठेवतानाच घरातल्या दोघांना जवळ बोलवा. "हे घ्या, तुमच्या मोबाइलवर वीस मिनिटं लावा. रक्ताची गुठळी झाली नाही तर घोणस किंवा फुरश्यासारखं विष रक्तात उतरलं असं समजायचं, मग औषध सुरू." रक्त पाण्यासारखं वाहताना त्यांनी स्वतः बघितलं की पुढची सलाईन, रेफर, १०८ ची गाडी यातलं काहीच पटवून द्यावं लागत नाही.

दोन सूचना, आणि त्या जिवावरच्या आहेत. नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर जातं, त्यात रक्त छान गोठतं. म्हणून गुठळी झाली की "काही नाही, जा घरी" असं कधीच म्हणायचं नाही. पापण्या जड होतात का, गिळायला त्रास होतो का, मान सावरते का, हे पुन्हा पुन्हा बघत राहायचं. मण्यारचा दंश तर अनेकदा दिसतही नाही. आणि नस-विषाची लक्षणं दिसत असतील तर चाचणीच्या वीस मिनिटांसाठी प्रतिविष थांबवायचं नाही. प्रतिविष देताना रिॲक्शन येऊ शकते. ते नातेवाइकांना आधी सांगा आणि ॲड्रेनालिन भरून जवळ ठेवा. आधी सांगितलेली रिॲक्शन लोक समजून घेतात, न सांगितलेली आली की तीच "डॉक्टरनं चुकीची सुई देली" होते.

मांत्रिकाला शिव्या घालायच्या नाहीत. त्याच्या घरी जाऊन बसा. "तुमचं काय ते करा, पण गाडीत बसवून करा, उशीर नको" एवढं ठरलं तरी पुष्कळ.

७. सुईची फर्माईश

नाटकात लावणी झाली की वन्स मोअर येतो. कंपनी तो देते, पण त्यापायी नाटकाचा शेवट बदलत नाही. ओपीडीत हाच वन्स मोअर "सुई लावा" किंवा "एक बॉटल चढवा" म्हणून येतो. शेजारच्या गावातला झोलाछाप, म्हणजे बिनपदवीचा डॉक्टर, ती हौस लगेच भागवतो.

साध्या तापाला सुई लागत नाही यावर व्याख्यान दिलंत तर माणूस सरळ त्याच्याकडे जाईल. त्याला मुळात हवं असतं ते हे की आपला आजार कोणीतरी मनावर घेतला. नीट तपासा, ताप मोजून आकडा त्याला दाखवा, पहिली गोळी तिथेच आपल्यासमोर पाण्याबरोबर घ्यायला सांगा, अर्धा तास बाकावर बसवा आणि पुन्हा बघा. बहुतेक जण शांतपणे घरी जातात. काही जाणार नाहीत. त्यांच्याशी हुज्जत घालू नका आणि त्यांच्यासाठी सुईही भरू नका.

८. "समजलं का?" विचारू नका

या प्रश्नाला खेड्यात "हो" हेच उत्तर असतं, डॉक्टरचा मान राखायचा म्हणून. गाडगेबाबांसारखं उलटं विचारा. "घरी गेल्यावर सासूबाई विचारतील डॉक्टरनं काय सांगितलं, तर काय सांगाल?"

जुलाब लागलेल्या बाळाच्या आईला ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवायची क्षार-साखरेची पूड, देताना मी पाकीट नुसतं हातात देत नसे. एक लिटरची बाटली पुढे ठेवायची आणि तिलाच करायला लावायचं. घरात लिटरचं माप नसतं, पण रिकामी पाण्याची बाटली असते. बाजारात २०० मिलीची छोटी पाकिटंही येतात. ते पाकीट लिटरभर पाण्यात गेलं तर उपयोग नाही, आणि मोठं पाकीट पेल्याभर पाण्यात गेलं तर धोका. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायची, हेही तिच्याच तोंडून वदवून घ्या.

बीपी आणि सिकलसेलच्या गोळ्यांनाही हीच रीत. "बरं वाटून राह्यलं म्हून सोडली" हे तुम्ही इतक्यांदा ऐकाल की नंतर राग येणंही बंद होईल. तोवर राग येऊ लागला तर थोडं चालून या.

९. वाईट बातमीची तालीम करा

पेशंटचं सोंग घेणाऱ्या माणसांकडून डॉक्टर शिकवायची पद्धत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली अमेरिकेत सुरू केली. आपल्याकडे २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा वेगळा भाग आला, पण तो कॉलेजात कसा उरकला जातो ते तुम्हाला मी सांगायला नको.

केंद्रात दुपारी थोडी उसंत मिळते. सिस्टरला म्हणा, "तुम्ही बाळाची आजी व्हा, मी तुम्हाला सांगतो की बाळ वाचलं नाही." आधी हसतील. मग सिस्टर अशी काही आजी उभी करतील की तुमचाच घसा बसेल. तिथे अडखळलेलं चालतं.

१०. कलाकाराकडून हे घेऊ नका

मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज ओपीडीत घात करतो. सिकलसेलचा वाहक, क्षयरोग, लग्नाआधीचा गर्भ, ही नावं मोठ्यानं उच्चारली की संध्याकाळपर्यंत गावभर होतात. एखाद्या पोरीचं ठरलेलं लग्न तुमच्या आवाजानं मोडू शकतं. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे तिला आणि तिच्या आई-बापाला दार लावून सांगा.

खात्रीचा आवही आणू नका. भोंदूबाबासुद्धा उत्तम नट असतो, आणि "शंभर टक्के बरा करतो" हे त्याचं ठरलेलं वाक्य. तुम्ही म्हणा, "आज मला इतकं दिसतं. उद्या सकाळी पुन्हा बघतो. ताप वाढला तर रात्रीही उठवा." मग रात्री कोणी उठवलं तर खरंच उठा. तुम्ही उठता की नाही याची बातमी गावात कुठल्याही पोस्टरपेक्षा लवकर फिरते.

आरोग्याचा संदेश गावातल्या दंडारीत किंवा भजनात बळंच कोंबायला लावू नका. कलाकारांना विषय सांगा, खरी माहिती द्या आणि बाजूला व्हा. कसं म्हणायचं ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

११. बाँड संपताना

लोकांचा विश्वास तुमच्या नावावर बसलेला असतो, केंद्रावर नाही. तुम्ही न सांगता गेलात तर नवा डॉक्टर पुन्हा शून्यावर येतो. शेवटच्या महिन्यात हे करा:

- नेहमीच्या बीपी, साखर, सिकलसेल, फेफऱ्याच्या पेशंटची यादी करा. प्रत्येकाच्या केसपेपरवर चालू गोळ्या आणि पुढची तारीख वाचता येईल अशा अक्षरात लिहा.
- जाण्याची तारीख पेशंटना स्वतः सांगा, शिपायाकडून कळू देऊ नका.
- नवा डॉक्टर आधी आला तर दोन-तीन ओपीडी एकत्र बसा. त्याला स्टूलशेजारच्या खुर्चीवर बसवा, तुम्ही मागे उभे राहा, आणि पेशंट तुमच्याकडे बघून बोलायला लागला की त्याच्याकडे बोट दाखवा.
- वही त्याला द्या. कोणाच्या घरचं खाजगी काही लिहिलं असेल ती पानं आधी फाडा.
- कार्यमुक्तीचा आदेश आणि बाँड पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय गाव सोडू नका. नंतर त्या एका कागदासाठी जिल्ह्याला चकरा माराव्या लागतात.